शब्द नेमका कुठे अडतो?

१९०१ साल. फ्रँकफर्टच्या इस्पितळात ५१ वर्षांच्या ऑगुस्ट डेटर फ्लॉवर आणि मांस खात होत्या. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी विचारलं, काय खाताय? उत्तर आलं, पालक. पतीचं नाव विचारलं, तर त्यांनी स्वतःचंच सांगितलं. अल्झायमरनी ही उत्तरं जशीच्या तशी टिपली.

त्याआधी, १८९२ मध्ये, प्रागच्या आर्नोल्ड पिक यांनी वाचा हरवत गेलेल्या एका वृद्धाच्या मेंदूचं वर्णन केलं होतं. डाव्या कानशिलालगतचा भाग आक्रसला होता. म्हणजे स्मृतिभ्रंश सगळ्या मेंदूला सारखाच ग्रासत नाही!

१९८२ मध्ये मेसुलम यांनी सहा रुग्ण नोंदवले: वाचा हळूहळू जाते, बाकी बुद्धी बराच काळ शाबूत. २०११ मध्ये याचे तीन प्रकार ठरले. एकात बोलणं अडखळतं, व्याकरण मोडतं. दुसऱ्यात ओघ टिकतो, पण शब्दांचे अर्थच पुसले जातात. तिसऱ्यात शब्द सापडत नाहीत, ऐकलेलं लांब वाक्य पुन्हा म्हणता येत नाही. याच्या मुळाशी बहुधा अल्झायमरचा आजार असतो.

आता संगणकही बोलण्यातले विराम आणि शब्द मोजतो. नुसत्या बोलण्यावरून निदान होत नाही, पण तपासाची दिशा मिळते. म्हणून घरातलं कुणी वारंवार अडखळू लागलं, तर 'वय झालं' म्हणून सोडू नका. कसं अडखळतात, ते नीट ऐका आणि डॉक्टरांना सांगा.