चिखली पडद्यावर उमटते कशी?

बुलढाणा जिल्ह्यातील ‘चिखली’ हे नाव लिहून पाहा. ऱ्हस्व वेलांटी ‘च’च्या डावीकडे येते, पण उच्चारात ‘च’ आधी आणि ‘इ’ नंतर. आपल्याला याची सवय असते. संगणकाला मात्र हेच कोडे बराच काळ सुटत नव्हते. ते कसे सुटले हे समजले, की पडद्यावर गडबड झाल्यावर दोष कोठे शोधायचा हेही कळते.

१९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीच्या पडद्यावर ८० रकाने आणि २५ ओळी असत. दर चौकटीत एक चिन्ह. एकूण २५६ चिन्हांचे साचे डिस्प्ले कार्डावरील चिपमध्ये कायमचे साठवलेले असत. प्रोग्रामने क्रमांक द्यायचा, कार्डाने त्याचे चित्र काढायचे. वर-खाली, मागे-पुढे लागणाऱ्या मात्रा आणि जोडाक्षरे यांना त्यात जागाच नव्हती.

कानपूरच्या आयआयटीत यावर काम सुरू झाले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि हे तंत्र ‘जिस्ट’ या नावाने तेथे वाढले. जिस्ट कार्ड पीसीत बसवले की डॉसवरचे नेहमीचे प्रोग्राम भारतीय लिप्यांत चालत. अक्षरे साठवायची ती उच्चाराच्या क्रमाने. वेलांटी डावीकडे नेण्याचे काम कार्डाचे. अक्षरांचे क्रमांक १९९१ मध्ये ‘इस्की’ या भारतीय मानकाने ठरवून दिले. त्यानुसार चिखली म्हणजे १८४, २१९, १८०, २०९, २२०.

आता हीच फाइल जिस्ट कार्ड नसलेल्या पीसीवर उघडली तर? त्या क्रमांकांना मूळ कार्डात चौकटी आखण्याच्या रेघा आणि भरीव ठोकळे होते. पडद्यावर तेच दिसत. मजकूर मात्र जसाच्या तसा असे. हरवलेला असे तो दुभाषी.

पुढे विंडोजमध्ये प्रोग्राम आणि कार्ड यांच्यामध्ये ड्रायव्हर हा दुभाषी आला. प्रत्येक कंपनीचे कार्ड वेगळे, म्हणून ड्रायव्हरही वेगळा. तो चुकीचा असेल तर पडदा काळा पडतो, थरथरतो किंवा रंग बिघडतात. अशा वेळी विंडोज ९५ च्या ‘सेफ मोड’मध्ये कंपनीचा ड्रायव्हर बाजूला ठेवून १९८७ च्या व्हीजीए पद्धतीचा साधा ड्रायव्हर वापरला जाई : ६४० गुणिले ४८० ठिपके, १६ रंग. आजचा सेफ मोडही कंपनीचा ड्रायव्हर बाजूलाच ठेवतो. तेथे चित्र नीट दिसले, तर संशय आधी ड्रायव्हरवर घ्यावा. पण विंडोज सुरू होण्यापूर्वीची अक्षरेही विस्कटलेली असतील, तर केबल, कार्ड किंवा मॉनिटर तपासावा.

आणि चित्र स्वच्छ आहे, पण वेलांटी ‘च’च्या उजवीकडे पडली आहे असे असेल तर? विंडोज २००० पासून देवनागरी जुळवण्याचे काम विंडोज स्वतः करू लागले. त्यामुळे येथे ड्रायव्हर निर्दोष ठरतो; दोष फॉन्टचा किंवा अक्षरे जुळवणाऱ्या प्रोग्रामचा.

म्हणून पडदा बिघडला की लगेच सगळे पुसून विंडोज नव्याने घालण्याची घाई करू नये. साठवलेला मजकूर, तो जुळवणारा प्रोग्राम, ड्रायव्हर, कार्ड आणि पडदा या पाच पायऱ्या विद्यार्थ्यांकडून फळ्यावर लिहून घ्याव्यात आणि एकेक तपासावी. परीक्षेचे गुण किंवा शाळेचे दाखले त्या पहिल्या पायरीवर बहुधा सुखरूप असतात.