युनायटेड किंग्डममधील निवडणुकोत्तर सत्तांतर

युनायटेड किंग्डममधील निवडणुकोत्तर सत्तांतर म्हणजे सार्वत्रिक निवडणुकीनंतर मावळत्या पंतप्रधानांनी राजाकडे राजीनामा सादर करणे आणि राजाने दुसऱ्या नेत्यास सरकार स्थापन करण्यासाठी पाचारण करणे, ही प्रक्रिया होय. युनायटेड किंग्डम ही घटनात्मक राजेशाही आहे. तेथे राजा वा राणी राष्ट्रप्रमुख असते, तर प्रत्यक्ष कारभार संसदेस जबाबदार असलेले मंत्रिमंडळ पाहते. या देशाचे संविधान एकाच लिखित दस्तऐवजात ग्रथित केलेले नाही. त्यामुळे सत्तांतराचे बहुतेक नियम कायद्यात नव्हे, तर दीर्घकाळ पाळल्या गेलेल्या संकेतांत आढळतात. एखाद्या पक्षास स्पष्ट बहुमत मिळाल्यास ही प्रक्रिया साधारणतः मतदानाच्या दुसऱ्याच दिवशी पूर्ण होते.

मूलभूत तत्त्वे

निवडणुकीचा निकाल स्वतःहून कोणतेही सरकार पाडत नाही आणि स्थापनही करीत नाही, ही ब्रिटिश पद्धतीतील समजून घेण्याजोगी पहिली बाब आहे. मतदार आपल्या मतदारसंघाचा प्रतिनिधी निवडतात. पंतप्रधानपदासाठी स्वतंत्र मतदान होत नाही. पंतप्रधानपदास ठरावीक मुदतही नसते. पंतप्रधान राजीनामा देईपर्यंत पदावर राहतात आणि त्यांचा राजीनामा हाच सत्तांतराचा आरंभबिंदू ठरतो.

या पद्धतीच्या मुळाशी तीन तत्त्वे आहेत. पहिले, हाउस ऑफ कॉमन्स या कनिष्ठ सभागृहाचा विश्वास ज्यास प्राप्त होण्याची सर्वाधिक शक्यता आहे, त्यासच राजाने पाचारण करावे. दुसरे, देश क्षणभरही सरकारविना राहू नये. म्हणून उत्तराधिकारी स्पष्ट होईपर्यंत मावळत्या पंतप्रधानांनी पद सोडू नये. तिसरे, राजास पक्षीय वादात ओढू नये. सरकार कोणी स्थापन करावे, याचा उलगडा राजकीय पक्षांनी आपसांत करावा आणि राजापुढे शक्यतो एकच नाव जावे.

हाउस ऑफ कॉमन्समध्ये ६५० सदस्य असतात. बहुमताचा औपचारिक आकडा ३२६ असला, तरी व्यवहारात तो किंचित कमी असतो. सभापती सामान्यतः मतदानात भाग घेत नाहीत आणि उत्तर आयर्लंडमधील शिन फेन या पक्षाचे सदस्य निवडून आल्यावरही सभागृहात आसन ग्रहण करीत नाहीत.

ऐतिहासिक विकास

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत पंतप्रधानाची निवड करण्यात राजाचा वाटा मोठा होता. १८३४ मध्ये राजे चौथे विल्यम यांनी लॉर्ड मेलबर्न यांचे सरकार पदच्युत केले आणि रॉबर्ट पील यांना पंतप्रधान नेमले. परंतु १८३५ च्या निवडणुकीत पील यांना बहुमत मिळाले नाही. सभागृहात वारंवार पराभव झाल्यावर त्यांनी राजीनामा दिला आणि मेलबर्न पुन्हा सत्तेवर आले. राजाची पसंती सभागृहाच्या इच्छेपुढे टिकू शकत नाही, हे या प्रसंगाने सिद्ध झाले. त्यानंतर कोणत्याही ब्रिटिश राजाने वा राणीने सरकार बडतर्फ केलेले नाही.

त्या काळी निवडणुकीत पराभूत झालेले सरकारही तत्काळ पायउतार होत नसे. ते नव्या संसदेस सामोरे जाई आणि तेथे मतदानात हरल्यावर राजीनामा देई. १८४१ मध्ये मेलबर्न यांनी हाच मार्ग अनुसरला. १८६८ च्या निवडणुकीत पराभव होताच बेंजामिन डिझरायली यांनी मात्र संसदेची बैठक भरण्याची वाट न पाहता राजीनामा दिला आणि विल्यम ग्लॅडस्टन यांचा मार्ग मोकळा केला. मतदारांचा कौल हाच निर्णायक मानण्याचा आधुनिक संकेत या घटनेपासून रूढ होत गेला.

जुना मार्ग पूर्णतः बंद झाला नाही. डिसेंबर १९२३ च्या निवडणुकीत हुजूर पक्षास २५८, मजूर पक्षास १९१ व उदारमतवादी पक्षास १५८ जागा मिळाल्या. पंतप्रधान स्टॅन्ली बाल्डविन यांनी नव्या संसदेस सामोरे जाण्याचे ठरवले. जानेवारी १९२४ मध्ये सभागृहात पराभव झाल्यावर त्यांनी राजीनामा दिला आणि रॅमसे मॅक्डोनाल्ड हे मजूर पक्षाचे पहिले पंतप्रधान झाले. सर्वांत मोठ्या पक्षाचा नेताच पंतप्रधान होतो, हा सार्वत्रिक समज कसा अपुरा आहे, हे या उदाहरणावरून दिसते.

१९४५ चे सत्तांतर विशेष उल्लेखनीय आहे. ५ जुलै रोजी मतदान झाले. परंतु परदेशांत तैनात असलेल्या सैनिकांच्या मतपत्रिका आणाव्या लागल्याने निकाल २६ जुलै रोजी घोषित झाला. त्या वेळी जर्मनीत पॉट्सडॅम येथे विजेत्या राष्ट्रांची परिषद चालू होती. पंतप्रधान विन्स्टन चर्चिल आणि विरोधी पक्षनेते क्लेमंट ॲटली हे दोघेही त्या परिषदेतून निकालासाठी मायदेशी परतले होते. पराभव स्पष्ट होताच चर्चिल यांनी त्याच सायंकाळी राजीनामा दिला. परिषदेस परत गेले ते पंतप्रधान ॲटली. महायुद्धात देशाचे नेतृत्व केलेल्या पंतप्रधानांनी काही तासांत सत्ता सोडली आणि परराष्ट्रांशी चाललेल्या वाटाघाटींत देशाचे प्रतिनिधित्व खंडित झाले नाही.

निवडणूकपूर्व काळ

संसद विसर्जन व आवाहन अधिनियम, २०२२ अन्वये पंतप्रधानांच्या विनंतीवरून राजा संसद विसर्जित करतो. तशी विनंती न झाल्यास संसदेच्या पहिल्या बैठकीपासून पाच वर्षे पूर्ण होताच ती आपोआप विसर्जित होते. विसर्जनानंतर कामकाजाच्या पंचविसाव्या दिवशी मतदान होते. संसद विसर्जित झाल्यावर खासदारांचे पद संपुष्टात येते. मंत्री मात्र पदावर कायम राहतात. या काळात सरकारने दीर्घ परिणाम करणारे नवे निर्णय, मोठे करार व महत्त्वाच्या नेमणुका टाळाव्यात, असा संकेत आहे.

सत्तांतर एका दिवसात पार पडू शकते, त्याचे श्रेय बव्हंशी स्थायी नोकरशाहीस जाते. मंत्री बदलले तरी खात्यांचे सचिव व अधिकारी बदलत नाहीत. १९६४ पासून विरोधी पक्षाच्या नेत्यांना निवडणुकीपूर्वी वरिष्ठ अधिकाऱ्यांशी गोपनीय चर्चा करण्याची मुभा दिली जाते. या चर्चेत अधिकारी विरोधकांच्या योजना ऐकून घेतात. परंतु विद्यमान सरकारची गुपिते उघड करीत नाहीत. निकालाच्या दिवशी येणाऱ्या मंत्र्यांसाठी माहितीच्या टिपणी तयार असतात. मागील सरकारची अंतर्गत कागदपत्रे नव्या सरकारला दाखवली जात नाहीत, हाही एक महत्त्वाचा संकेत आहे.

सत्तांतराचा दिवस

मतदान परंपरेने गुरुवारी सकाळी ७ ते रात्री १० या वेळेत होते आणि मतमोजणी बहुतेक ठिकाणी त्याच रात्री सुरू होते. पराभव निश्चित झाल्यावर पंतप्रधान विरोधी पक्षनेत्याचे अभिनंदन करतात, १०, डाउनिंग स्ट्रीट या निवासस्थानासमोर निरोपाचे भाषण करतात आणि बकिंगहॅम राजवाड्यात जाऊन राजीनामा देतात. त्यानंतर थोड्याच वेळात विजयी नेता राजवाड्यात पोहोचतो. राजा त्यास सरकार स्थापन करण्याची विनंती करतो आणि ती मान्य होताच नेमणूक पूर्ण होते. या भेटीस परंपरेने ‘हस्तचुंबन’ म्हटले जाते. आज प्रत्यक्षात हस्तांदोलनच होते. भारतातील शपथविधीप्रमाणे येथे जाहीर समारंभ नसतो.

दोन भेटींच्या दरम्यान काही काळ देशास पंतप्रधान नसतो. तथापि इतर मंत्री त्यांच्या जागी नवे नेमले जाईपर्यंत पदावर असल्याने शासनात पोकळी निर्माण होत नाही. नवे पंतप्रधान त्याच दिवशी प्रमुख मंत्र्यांची नावे घोषित करतात. मंत्र्यांना पुढे राजाकडून पदाच्या मुद्रा प्राप्त होतात. अण्वस्त्रवाहू पाणबुड्यांच्या कप्तानांना द्यावयाची मोहोरबंद पत्रे लिहिणे, हे नव्या पंतप्रधानांच्या आरंभीच्या कर्तव्यांपैकी एक होय. शत्रूच्या हल्ल्यात देशातील शासन नष्ट झाल्यास काय करावे, याचा आदेश त्यांत असतो. आधीच्या पंतप्रधानांची पत्रे न उघडता नष्ट केली जातात.

४ जुलै २०२४ च्या निवडणुकीत मजूर पक्षास ४११ व सत्ताधारी हुजूर पक्षास १२१ जागा मिळाल्या. ५ जुलै रोजी ऋषी सुनक यांनी राजे तिसरे चार्ल्स यांच्याकडे राजीनामा दिला आणि त्याच दिवशी कीर स्टार्मर पंतप्रधान झाले. ६ जुलै रोजी नव्या मंत्रिमंडळाची पहिली बैठक झाली. १७ जुलै रोजी राजाने संसदेत नव्या सरकारचे धोरण मांडणारे अभिभाषण वाचले. अशा अभिभाषणावरील मतदान ही नव्या सरकारवरील विश्वासाची पहिली कसोटी मानली जाते.

त्रिशंकू संसद

कोणत्याही पक्षास बहुमत न मिळाल्यास संकेतांची खरी परीक्षा होते. २८ फेब्रुवारी १९७४ च्या निवडणुकीत मजूर पक्षास ३०१ व सत्ताधारी हुजूर पक्षास २९७ जागा मिळाल्या. एकूण मतांत मात्र हुजूर पक्ष किंचित पुढे होता. पंतप्रधान एडवर्ड हीथ यांनी तत्काळ राजीनामा न देता उदारमतवादी पक्षाचे नेते जेरेमी थॉर्प यांच्याशी बोलणी केली. ती निष्फळ ठरल्यावर त्यांनी ४ मार्च रोजी राजीनामा दिला आणि हॅरॉल्ड विल्सन यांनी अल्पमतातील सरकार स्थापन केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पुन्हा निवडणूक घ्यावी लागली.

मे २०१० मध्ये तशीच स्थिती उद्भवली. ६ मे रोजी मतदान झाले, पण सत्तांतर ११ मे रोजी घडले. या पाच दिवसांत गॉर्डन ब्राउन पंतप्रधानपदी राहिले. पराभूत नेता पदास चिकटून बसला आहे, अशी टीका वृत्तपत्रांतून झाली. वस्तुतः पर्यायी सरकार दृष्टिपथात येईपर्यंत पदावर राहणे हे त्यांचे घटनात्मक कर्तव्य होते. हुजूर पक्ष व लिबरल डेमोक्रॅट पक्ष यांची बोलणी फलद्रूप होण्याच्या बेतात असता ब्राउन यांनी राजीनामा दिला आणि डेव्हिड कॅमेरॉन यांची नेमणूक झाली. या आघाडीने २०१५ पर्यंत कारभार केला.

२०११ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘कॅबिनेट मॅन्युअल’ या पुस्तिकेत असे संकेत एकत्र नोंदवण्यात आले. नव्या संसदेचा विश्वास आपणास मिळतो का, हे पाहण्याचा मावळत्या सरकारला अधिकार आहे. परंतु तो मिळणार नाही आणि स्पष्ट पर्याय उपलब्ध आहे, असे दिसताच त्याने राजीनामा देणे अपेक्षित आहे, असे ही पुस्तिका सांगते. तिला कायद्याचे बळ नाही. ती केवळ प्रचलित व्यवहाराची नोंद आहे.

इतर घटनात्मक राजेशाह्यांतील पद्धती

राजास पक्षीय निर्णयापासून दूर ठेवण्याचे मार्ग देशोदेशी भिन्न आहेत.

स्वीडन : १९७५ पासून अमलात असलेल्या संविधानानुसार पंतप्रधानपदासाठी नाव सुचवण्याचा अधिकार संसदेच्या सभापतींना आहे, राजास या प्रक्रियेत स्थान नाही.

नेदरलँड्स : आघाडीच्या वाटाघाटींसाठी मध्यस्थ नेमण्याचे काम पूर्वी राणी करीत असे. २०१२ पासून ते कनिष्ठ सभागृहाकडे आले.

बेल्जियम : मध्यस्थांची नेमणूक आजही राजा करतो. २०१० च्या निवडणुकीनंतर तेथे सरकार स्थापन होण्यास ५४१ दिवस लागले. त्या काळात काळजीवाहू सरकारने कारभार पाहिला.

स्पेन : संविधानाच्या ९९ व्या अनुच्छेदानुसार राजा पक्षनेत्यांशी चर्चा करून उमेदवार सुचवतो. पहिल्या मतदानापासून दोन महिन्यांत कोणासही विश्वास मिळाला नाही, तर पुन्हा निवडणूक होते.

जपान : संसद पंतप्रधानांची निवड करते व सम्राट त्यांची औपचारिक नेमणूक करतो.

भारतीय संसदीय परंपरेशी संबंध

भारत प्रजासत्ताक आहे; तथापि त्याची संसदीय पद्धत ब्रिटिश नमुन्यावर आधारलेली असल्याने हेच प्रश्न राष्ट्रपती व राज्यपाल यांच्यापुढे उभे राहतात. संविधानाच्या अनुच्छेद ७५ मध्ये राष्ट्रपतींनी पंतप्रधान नेमावा, असे म्हटले आहे. तो कसा निवडावा, हे सांगितलेले नाही. १९९६ मध्ये राष्ट्रपती शंकर दयाळ शर्मा यांनी सर्वांत मोठ्या पक्षाचे नेते म्हणून अटलबिहारी वाजपेयी यांना पाचारण केले. ते सरकार १३ दिवस टिकले. १९९८ मध्ये राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी आधी पाठिंब्याची पत्रे मागितली.

ब्रिटनमध्ये संकेतांवर सोपवलेली बाब भारतात पुष्कळदा न्यायालयापुढे येते. सरकारचे बहुमत सभागृहातच सिद्ध झाले पाहिजे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या एस. आर. बोम्मई खटल्यात अधोरेखित केले. महाराष्ट्रात २०१९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर २३ नोव्हेंबर रोजी पहाटे राष्ट्रपती राजवट उठवण्यात आली आणि सकाळी देवेंद्र फडणवीस यांचा मुख्यमंत्री म्हणून शपथविधी झाला. २६ नोव्हेंबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या दिवशी बहुमत चाचणी घेण्याचा आदेश दिला. चाचणीपूर्वीच फडणवीस यांनी राजीनामा दिला आणि २८ नोव्हेंबर रोजी उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले.

गुणदोष

गती, शासनाचे सातत्य आणि राष्ट्रप्रमुखाची निःपक्षपाती प्रतिमा हे ब्रिटिश पद्धतीचे प्रमुख गुण मानले जातात. अमेरिकेत निवडणूक व नव्या अध्यक्षांचा शपथविधी यांत सुमारे अडीच महिन्यांचे अंतर असते; ब्रिटनमध्ये ते अनेकदा एका दिवसाचेही नसते. दुसऱ्या बाजूस, रात्रभर जागून मतमोजणी पाहणारा नेता दुसऱ्याच दिवशी मंत्रिमंडळ ठरवू लागतो, ही घाई विचारपूर्वक निर्णयांस मारक ठरते, असा आक्षेप घेतला जातो.

अधिक मूलगामी आक्षेप संकेतांच्या स्वरूपाविषयी आहे. पराभूत पंतप्रधानांनी राजीनामा द्यावा, असे कोणताही कायदा सांगत नाही. तो न दिल्यास सभागृहातील अविश्वास ठराव, खर्चास मंजुरी नाकारण्याचा संसदेचा अधिकार आणि अखेरीस राजाचा बडतर्फीचा राखीव अधिकार, एवढेच उपाय उरतात. शेवटचा उपाय वापरावा लागला, तर ज्या निःपक्षपातीपणासाठी ही रचना उभी आहे, तोच धोक्यात येईल. राष्ट्रकुलातील ऑस्ट्रेलियात ११ नोव्हेंबर १९७५ रोजी गव्हर्नर जनरल जॉन केर यांनी पंतप्रधान गॉफ व्हिटलॅम यांना बडतर्फ केले. त्या निर्णयाविषयीचा वाद पुढे अनेक दशके चालू राहिला. त्यामुळे राखीव अधिकाराचे अस्तित्व मान्य करूनही तो वापरण्याची वेळ येऊ न देणे, ही जबाबदारी ब्रिटिश पद्धतीत मुख्यतः पंतप्रधान व पक्षनेते यांच्यावर येते.

हेही पाहा

हाउस ऑफ कॉमन्स
युनायटेड किंग्डमचे पंतप्रधान
घटनात्मक राजेशाही
त्रिशंकू संसद
अविश्वास ठराव