महिनाअखेरीचा इतिहास

गुलमंडीवरचा दुकानदार कॅलेंडर न बघता तारीख ओळखतो. महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत पैठण गेटपासून गुलमंडीपर्यंत चालायला जागा नसते. वीस तारखेनंतर तीच माणसे भाव विचारून पुढे जातात. मग वस्तीतल्या किराणा दुकानातली उधारीची वही उघडते, तेल पाव किलोवर येते, शाम्पू पुडीवर येतो आणि गॅस वाचवायला डाळ-भात एकाच कुकरमध्ये शिजतो. नेमक्या याच दिवसांत आपल्या मोबाइलवर उपदेशही येऊ लागतात : काटकसर करा, चहा सोडा, बचतीची सवय लावा. उपदेशाचा गाभा ठरलेला असतो. गरीब माणूस गरीब राहतो, कारण त्याला खर्चाची शिस्त नाही.

मित्रांनो, हा उपदेश आपल्या आयांना कुणी करावा? महिना पुरवण्याची विद्या या देशात कुणी टिकवली असेल तर ती आपल्याच घरांतल्या बायकांनी. पण ही विद्या त्यांना का शिकावी लागली, आणि महिन्याच्या शेवटी पगार मिळतो ही गोष्ट तरी आपल्या घरांत कधी आली, हे प्रश्न कुणी विचारत नाही.

रमाईंपासून सुरुवात करू. तीस पुरचुंड्यांची आठवण आपल्या वस्त्यांमधून सांगितली जाते. महिन्याच्या खर्चाचे पैसे हातात आले की त्यांचे तीस भाग करायचे, पुरचुंड्या बांधायच्या आणि दिवसाला एकच सोडायची. दर सात फेब्रुवारीला भाषणांत ही आठवण येते आणि वक्ता लगेच ‘त्यागमूर्ती’ या शब्दावर जातो. त्याग होताच. पण त्या एका शब्दाने रमाईंची बुद्धी झाकली जाते. अनिश्चित उत्पन्न आणि ठरलेला खर्च यांची सांगड घालणे हे अर्थशास्त्राचे काम आहे. बाबासाहेब लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहीत होते, तेव्हा परळच्या चाळीत रुपयाचा दुसरा प्रश्न रमाई रोज सोडवत होत्या.

इथे एक गोष्ट नीट पाहा. नोव्हेंबर १९१८ मध्ये बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार ४५० रुपये. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. या पगारात कुणीही चांगली जागा घेतली असती. बाबासाहेब मात्र परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतच राहिले, कारण लंडनचे अर्धे राहिलेले शिक्षण पुरे करायचे होते. पगारातून साठवलेली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि पारशी मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज, एवढ्या बळावर १९२० साली ते निघाले. लंडनमध्ये दुपारचे जेवण टाळायचे, बसचे भाडे वाचवायला पायी चालायचे, रात्री भूक लागली की पापड भाजून खायचे. त्याआधी न्यूयॉर्कमध्ये असतानाही सयाजीरावांच्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीतून ते घरी पैसे पाठवत होते. एकाच संसाराचे हे दोन हिशेब, एक परळला आणि एक परदेशात.

मात्र या काटकसरीला हेतू होता आणि ती संपण्याची वेळही ठरलेली होती. त्याच चाळीत राहणाऱ्या गिरणी कामगाराच्या काटकसरीला यातले काहीच नव्हते. त्याच्या वाट्याला आलेली काटकसर त्याने निवडलेली नव्हती.

मुंबईच्या गिरण्यांत महिनाभर राबल्यावर पगार हातात पडायचा तो पुढच्या महिन्याच्या दहा-पंधरा तारखेला. म्हणजे गावाहून नवीन आलेल्या माणसाने पहिला पगार पाहण्याआधी जवळजवळ दीड महिना काढायचा. कशावर? दुकानदाराच्या उधारीवर आणि सावकाराच्या पैशांवर. १९३१ साली व्हिटली आयोगाने, म्हणजे हिंदुस्थानातील कामगारांविषयीच्या शाही आयोगाने, अहवाल दिला. बहुतेक औद्योगिक शहरांत किमान दोन तृतीयांश कामगार कुटुंबे कर्जात आहेत आणि रुपयाला महिना एक आणा हा व्याजाचा नेहमीचा दर आहे, असे त्यात नोंदवले आहे. रुपयाला महिना एक आणा म्हणजे वर्षाला ७५ टक्के. हा माणूस चहा सोडून कुठे पोहोचणार होता?

आणि आपला माणूस तर त्याच्याही खाली. गिरणीत जास्त मजुरी विणाई खात्यात. पण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि अस्पृश्याचे तोंड लागलेल्या धोट्याने सवर्ण कामगार बाटतो, म्हणून विणाई खाते अस्पृश्यांना बंद. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला, तेव्हा कामगार एकजुटीच्या घोषणा देणारेही अडचणीत आले. आपल्या घराच्या बजेटला कात्री लागली ती स्वयंपाकघरात नव्हे, कारखान्याच्या दारात. मजुरी हातात येण्याआधीच जात तिच्यातला वाटा कापून घेत होती.

गावात तर तारीखच नव्हती. महाराने वर्षभर सरकारचे आणि गावाचे काम करायचे, आणि सुगीला खळ्यावर जे मिळेल ते पदरात घ्यायचे. मिळेल म्हणजे शेतकऱ्याच्या मर्जीने. माणुसकीचे हक्क मागितले, मेलेले जनावर ओढायला नकार दिला की बलुते बंद. पगार रोखून धरणे हे बहिष्काराचे सर्वांत स्वस्त हत्यार होते. १९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात महार वतनासंबंधी विधेयक मांडले. बलुत्याचे रूपांतर रोख रकमेत करा, ती सरकारने वसूल करून कामगाराला द्यावी, ही त्यातली एक मागणी. आपण हे विधेयक वतनाच्या इतिहासात वाचतो. मला त्यात पगाराच्या तारखेची मागणी दिसते. ते कायदा होऊ शकले नाही. १९३९ साली हरेगावला महार वतनदारांची परिषद घ्यावी लागली. मुंबई राज्यात कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला, तोवर बाबासाहेब राहिले नव्हते.

मराठवाडा तर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, मुंबई कौन्सिलचे कायदे इथे लागूच नव्हते. इथे सालगडी पाडव्याला ठरायचा, वर्षाचा. थोडे धान्य, थोडी रक्कम, आणि त्यातली बरीचशी आधीच उचललेली. उचल ही पगाराची उलटी बाजू आहे. पगारात काम आधी आणि पैसे नंतर, उचलीत पैसे आधी आणि वर्षभर माणूस गहाण. ज्याने उचल घेतली त्याला महिनाअखेर नसते, त्याला वर्षअखेरही नसते. बीडचा ऊसतोड कामगार आजही उचलीवरच कारखान्याला जातो.

म्हणून जून १९५० मध्ये इथे सुरू झालेल्या, पुढे मिलिंद म्हणून ओळखल्या गेलेल्या महाविद्यालयाकडे मी थोडे वेगळ्या नजरेने पाहते. खेड्यातून आलेली मुले शिकून कारकून, शिक्षक, बँक कर्मचारी झाली. त्यांच्या घरांत पहिल्यांदा ‘तारीख’ आली. गुलमंडीवर साडी घ्यायला येणाऱ्या कितीतरी आपल्या कुटुंबांमागे हा प्रवास आहे. पण चौदा एप्रिलच्या आधी त्याच गुलमंडीवर पांढरी साडी घेणारी बाई दिसली की शहाणे लोक म्हणतात, यांना बचत कळत नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना काय सांगितले होते? अस्पृश्य म्हणून ओळखू येतील असे कपडे आणि दागिने टाका, स्वच्छ राहा, नीट लुगडे नेसा. ज्यांना चांगले नेसण्याचीच मनाई होती, त्यांच्यासाठी कपड्यावरचा खर्च हा हिशेबाच्या वहीतला चैनीचा रकाना नाही. डीजेवर वर्गणी जाळणे वेगळे, त्यावर आपण आपसात भांडू आणि भांडलेच पाहिजे. साडीवरून ऐकून घेण्याचे कारण नाही.

आता मुख्य मुद्दा. स्वतः इतके काटकसरीने जगलेले बाबासाहेब गरिबीचे गोडवे कधी गात नाहीत. १९१८ साली बर्ट्रांड रसेलच्या पुस्तकावर त्यांनी एक परीक्षण लिहिले होते, तरुणांनी ते जरूर शोधून वाचावे. पैशाच्या मोहाला नावे ठेवणाऱ्या नीतिवाद्यांना ते तिथे विचारतात की माणसाला पैसा हवा असतो तो कशासाठी? आणि जुन्या जगात संपत्तीच्या त्यागाची थोरवी का गायली गेली, याचे उत्तरही देतात : उत्पादनच इतके थोडे होते की सुखे मिळण्यासारखी नव्हती, म्हणून ती न मिळण्यालाच सद्गुण ठरवले. पुढे गांधीवादावर टीका करतानाही त्यांचा मुद्दा हाच आहे. कष्टकऱ्याला यंत्र हवे, कारण त्याला फुरसत हवी, आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही.

तथागतांनीही गृहस्थाला दारिद्र्य शिकवले नाही. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत. एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि चौथा अडचणीच्या दिवसांसाठी राखून ठेवण्यासाठी. अनाथपिंडिकाला गृहस्थाची जी चार सुखे सांगितली, त्यांत धन असण्याचे सुख आहे, ते उपभोगण्याचे सुख आहे आणि ‘अनण सुख’ आहे, म्हणजे कुणाचे ऋण नसल्याचे. बचत इथेही आहे, पण उपभोगाच्या शेजारी बसलेली. आणि चार भाग करायला आधी भाग पडतील एवढी मिळकत लागते. तीस पुरचुंड्यांतून चौथा भाग कुठून काढणार?

मिळकतीच्या प्रश्नावर उत्तर कायद्याने दिले, उपदेशाने नाही. १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याने हजारापेक्षा कमी कामगार असतील तिथे सात तारखेच्या आत आणि त्याहून जास्त असतील तिथे दहा तारखेच्या आत पगार द्यायचे बंधन घातले. हा कायदा बाबासाहेबांचा नाही. सगळेच त्यांच्या नावावर टाकायची गरज नाही, त्यांचे स्वतःचे काम पुरेसे मोठे आहे. १९४६ च्या एप्रिलमध्ये मजूरमंत्री म्हणून त्यांनी किमान वेतनाचे विधेयक केंद्रीय विधिमंडळात आणले, आणि १९४८ साली तो कायदा झाला. तारखेची हमी एका कायद्याने दिली, रकमेची दुसऱ्याने. २०१९ च्या वेतन संहितेतही मासिक पगाराची सात तारीख कायम आहे.

कागदावर. मी ज्या बचत गटांबरोबर काम करते, त्यांतल्या बऱ्याच बायकांच्या घरात कंत्राटी पगार आहे : सफाईचा, सिक्युरिटीचा, दुकानातल्या नोकरीचा. सात तारीख ऐकून त्या हसतात. पगार कधी वीस तारखेला, कधी दोन महिन्यांचा मिळून एकदम. मायक्रोफायनान्सचा हप्ता मात्र दर आठवड्याला नाहीतर पंधरवड्याला, आणि तोही पूर्ण गटासमोर. पगाराची तारीख सरकत जाते आणि हप्त्याची जागची हलत नाही, या दोहोंच्या मधल्या दिवसांना त्या घरांत ‘महिनाअखेर’ म्हणतात. उचल तशीच आहे. फक्त पाडव्याऐवजी आता ती वर्षभर मिळते आणि मुकादमाच्या जागी गणवेशातला वसुली कर्मचारी येतो.

तेव्हा वस्तीत काटकसरीचे व्याख्यान ठेवण्याआधी कार्यकर्त्यांनी एक साधे काम करावे. घरोघर वही घेऊन जावे आणि तीनच गोष्टी लिहून घ्याव्यात : कंत्राटदार कोण, ठरलेली रक्कम किती, गेल्या सहा महिन्यांत पगार कोणकोणत्या तारखेला हातात पडला. पगार बँकेत जमा होत असेल तर पासबुकाची झेरॉक्स जोडावी, आणि हा गठ्ठा घेऊन कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जावे. आपण बचत गटातून हे सुरू केले आहे. ज्यांना सोबत यायचे आहे त्यांनी यावे.

जय भीम.