मुंबईतले शिकाऱ्यांचे दप्तर

'सफारी' हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडे आणला असे आपण समजतो. पण शब्द त्यांचा नव्हे. पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेत सफारी म्हणजे प्रवास. स्वाहिलीने तो अरबीतून उचलला, आणि त्याच अरबीतला 'सफर' आपल्या मराठीत केव्हाचा येऊन रुळला आहे. गोऱ्या साहेबांनी तंबू, हमाल, बंदुका आणि दारूगोळा बरोबर घेऊन जंगलात उतरायला सुरुवात केली आणि साध्या प्रवासाच्या शब्दाला रक्ताचा वास लागला. १९०९ साली अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मोंबासा बंदरात उतरले. त्यांच्या मंडळींनी संग्रहालयासाठी म्हणून लहानमोठे मिळून ११,००० हून अधिक नमुने गोळा केले. त्यानंतर तर आफ्रिकेत शिकारीला जाणे ही श्रीमंतांची रीतच होऊन बसली.

आता तुम्ही म्हणाल, आफ्रिकेतल्या सिंहांशी आपला काय संबंध? संबंध आहे. ज्या रेल्वेने हे शिकारी मोंबासाहून आत जात, ती बांधायला हिंदुस्थानातून कराराने तीस हजारांवर मजूर गेले होते. १८९८ साली त्सावो नदीच्या पुलाचे काम चालू असताना दोन सिंहांनी या मजुरांना रात्री तंबूतून ओढून नेण्याचा सपाटा लावला. पॅटरसन नावाच्या इंजिनियरने ९ डिसेंबरला एक आणि २९ डिसेंबरला दुसरा सिंह मारला. मृतांचा आकडा त्याने पुढे १३५ पर्यंत नेऊन ठेवला. २००९ साली शास्त्रज्ञांनी त्या सिंहांची हाडे आणि केस तपासले, तेव्हा खाल्लेल्या माणसांचा अंदाज सुमारे ३५ वर आला. सिंहांची कातडी पॅटरसनने पुढे शिकागोच्या संग्रहालयाला विकली. ती तिथे पेंढा भरून उभी आहेत, पॅटरसनचे नाव जगाला ठाऊक आहे, आणि तंबूतल्या मजुरांपैकी बहुतेकांचे नाव कोणालाच ठाऊक नाही. शिकारीच्या इतिहासात हे नेहमीचेच. ज्याची बंदूक, त्याचे नाव.

पण शिकाऱ्यांच्या इतिहासाला दुसरीही एक बाजू आहे, आणि ती पाहायला आफ्रिकेत जावे लागत नाही. भायखळ्याला जावे. लालबाग-परळच्या मुलांना राणीची बाग म्हणजे घरचे अंगण. त्या बागेशेजारी १८७२ साली लोकांसाठी उघडलेले व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट म्युझियम आहे. १९७५ पासून त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे. तिथे १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ गृहस्थ जमले आणि त्यांनी 'बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी' स्थापन केली. पशु, पक्षी, कीटक, सर्प यांविषयी गप्पा माराव्यात, आपापले नमुने एकमेकांना दाखवावेत, एवढाच माफक हेतू.

या आठांत दोघे आपले होते. एक डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर. व्याकरणकार दादोबांचे हे बंधू; १८६७ साली प्रार्थना समाज स्थापन झाला त्यात हेच पुढे होते. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन. ग्रँट मेडिकल कॉलेजात ते शिकवीत, वनस्पतिशास्त्राचा त्यांचा अभ्यास गाढा, आणि वैद्यकावर मराठीतून ग्रंथ लिहिण्याची त्यांना तळमळ. ज्या रखमाबाईंच्या खटल्याने सारा हिंदुस्थान हलला, त्यांचे हे सावत्र वडील. १८८५ सालीच ते वारले. शाळेत या दोन डॉक्टरांची नावे या संदर्भात क्वचितच निघतात. निघायला हवीत असे माझे मत आहे. इंग्रज सदस्यांपैकी एडवर्ड हॅमिल्टन एटकिन यांचा जन्म आपल्या साताऱ्याचा. मीठ आणि जकात खात्यातली नोकरी सांभाळून ते बेडूक, उंदीर, कावळे यांच्यावर खुसखुशीत लिहीत.

संस्थेला जागा नव्हती. ती दिली फिप्सन नावाच्या मद्याच्या व्यापाऱ्याने, फोर्टात फोर्ब्स स्ट्रीटवरच्या आपल्या पेढीत. या फिप्सनची पत्नी डॉ. एडिथ पीची या कामा रुग्णालयाच्या प्रमुख. रखमाबाईंना विलायतेत जाऊन डॉक्टर होण्यासाठी ज्यांनी हात दिला, त्यांत या बाई होत्या. एकाच लहानशा वर्तुळात केवढ्या गोष्टी घडत होत्या पाहा! पुढे कचेरी अपोलो स्ट्रीटवर गेली. तिथे 'विल्यम' नावाचा एक कर्मचारी होता, म्हणजे गरुड धनेश पक्षी. कारवारहून पिलू म्हणून १८९४ साली आला आणि १९२० पर्यंत कचेरीतच राहिला. त्याच्याकडे टेनिसचा चेंडू फेकला की तो चोचीत झेलत असे. संस्थेच्या बोधचिन्हावर आज तोच बसलेला आहे.

आता या संस्थेचे सभासद कोण? लष्करातले अधिकारी, जंगल खात्याचे साहेब, कलेक्टर, चहामळेवाले, संस्थानिक. म्हणजे बहुतेक सारे शिकारी. १८८६ पासून संस्थेचे नियतकालिक निघू लागले, आणि या मंडळींनी त्यात लिहायला सुरुवात केली: अमक्या जंगलात वाघीण दिसली, बरोबर इतके बच्चे, अमक्या महिन्यात, पोटात काय सापडले. साहेब मचाणावर बसून कंटाळत असतील. पण त्या कंटाळ्यातून पुष्कळ उपयोगी माहिती जमली.

शिकाऱ्यांच्या थापा हा काही आजचा विषय नव्हे. वाघ किती लांब, यावरून तर मोठे वाद होत. एक पद्धत अशी की वाघाला सरळ निजवायचे, नाकापाशी एक खुंटी आणि शेपटीच्या टोकापाशी दुसरी ठोकायची, वाघ बाजूला सारायचा आणि दोन खुंट्यांमधले अंतर सरळ रेषेत मोजायचे. दुसरी पद्धत म्हणजे फीत डोक्यावरून, मानेवरून, पाठीच्या उंचवट्यावरून दाबत दाबत शेपटापर्यंत न्यायची. या दुसऱ्या रीतीने वाघ आपोआप काही इंच वाढतो! फीत कोणाच्या हातात आहे, त्यावरही तो वाढतो. म्हणून मोजमापाबरोबर पद्धतही लिहिली पाहिजे, असा जाणत्यांचा आग्रह असे. गणिताच्या शिक्षकांना हे उदाहरण वर्गात घेण्याजोगे आहे. मोजण्याची रीत सांगितल्यावाचून आकड्याला अर्थ नाही.

१९११ साली संस्थेने हिंदुस्थानातल्या सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतली. सचिव मिलार्ड यांनी वर्गणीसाठी साद घातली. कामाची सुरुवात झाली ती खानदेशातून. वाघसिंह सोडा, यात महत्त्व होते उंदीर, चिचुंद्री, वटवाघूळ आणि खार यांना. हौशी शिकारी ज्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नसे, ते हे प्राणी. १९२३ पर्यंत सुमारे २५,००० नमुने जमले. प्रत्येकाला चिठ्ठी: गाव, तारीख, नर की मादी, माप, पकडणाऱ्याचे नाव. हे सारे प्राणी मारूनच मिळवले होते, ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. पण कोणत्या तालुक्यात शंभर वर्षांपूर्वी कोणता प्राणी राहत होता, याचे उत्तर आज त्या चिठ्ठीवरूनच मिळते.

त्या चिठ्ठीवर एक नाव मात्र बहुधा नसते. माग काढणारा भिल्ल, सापळा लावणारा पारधी, हाक्याच्या रांगेत काठी घेऊन वाघाच्या दिशेने पायी चालणारा गावकरी. साहेब मचाणावर, आणि हाकेकरी जमिनीवर! वाघ उलटला तर तो प्रथम कोणावर जाईल हे काय सांगायला हवे? त्या काळातले जंगलाचे निम्मे ज्ञान तरी या माणसांच्या डोक्यात होते, आणि ते कागदावर आले ते दुसऱ्याच्या सहीने.

१९०८ साली गिरगावातल्या खेतवाडीत असाच एक छोटा शिकारी होता. बारा वर्षांच्या आतबाहेरचा पोरका मुलगा, मामाकडे वाढलेला. मोठा शिकारी होण्याचे त्याचे स्वप्न. छऱ्याच्या बंदुकीने त्याने एक चिमणी पाडली, तर तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका. ही चिमणी खायची की नाही, असा घरात प्रश्न पडला. मामा अमिरुद्दीन तय्यबजी स्वतः शिकारी आणि सोसायटीचे सभासद. त्यांनी चिठ्ठी देऊन मुलाला मिलार्ड यांच्याकडे पाठवले. मिलार्डनी चिमणी ओळखली, ती पीतकंठी रानचिमणी, आणि मुलाला कपाटांचे खण उघडून शेकडो पक्षी दाखवले. तो मुलगा सालिम अली. १९८७ साली त्यांचे निधन झाले तोवर या देशातल्या पक्ष्यांविषयी बोलायचे तर त्यांचे नाव घेतल्यावाचून गत्यंतर नव्हते. पक्षी मारून अभ्यास करण्याचे त्यांनी कधी नाकारले नाही, आणि पक्षी वाचवण्यासाठी मंत्र्यांना पत्रे लिहिण्याचेही सोडले नाही. काहींना हा विरोध वाटतो. मला वाटत नाही.

आता या दप्तरातल्या एका काळ्या पानाकडे वळतो. १९४७ साली मध्य प्रांतातल्या कोरिया संस्थानचे राजे रामानुजप्रताप सिंह देव यांनी रात्रीच्या वेळी, मोटारीच्या दिव्यांच्या झोतात, तीन चित्ते एका दमात मारले. तिन्ही नर. (शेजारच्या सरगुजा संस्थानचे रामानुजशरण सिंह देव हे निराळे, नावांच्या सारखेपणामुळे पुष्कळांची गल्लत होते.) त्यांच्या खाजगी चिटणिसाने ही हकीकत आणि छायाचित्र मुंबईला सोसायटीकडे पाठवले, बहुधा कौतुकाच्या अपेक्षेने. १९४८ साली ते छापले गेले. पण हा मजकूर केराच्या टोपलीत टाकावा असेच प्रथम मनात आले, अशा आशयाचा कडक शेरा संपादकांनी खाली मारला. शिकाऱ्यांच्या नियतकालिकाने एका राजाला असे फटकारावे, हे नवीन होते. त्यांनी टोपलीत टाकले नाही हे मात्र बरे केले. भारतात मारल्या गेलेल्या चित्त्यांचा हा शेवटचा पुरावा ठरला. १९५२ साली चित्ता भारतातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. त्याच सुमारास, १९५१ साली, मुंबई राज्याने वन्य पशुपक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा केला. सबंध देशासाठीचा कायदा १९७२ साली आला, आणि हौसेच्या शिकारीला मोठा आळा बसला.

आफ्रिकेचा धागा इथे पुन्हा हाती येतो. आपल्याकडचे चित्ते दुर्मिळ होऊ लागले तेव्हा भावनगर आणि आपले कोल्हापूर या संस्थानांनी ते आफ्रिकेतून मागवले. १९१८ ते १९४५ या काळात असे सुमारे २०० चित्ते देशात आले. कोल्हापूरला त्यांच्यासाठी चित्तेखाना होता, आणि त्यांना वळण लावणारे चित्तेवान होते. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता गाडीतून माळावर न्यायचा, काळवीट दिसले की टोपी काढायची. पुढचे काम अर्ध्या मिनिटाचे! सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून ८ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून १२ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोच्या जंगलासाठी आणले गेले. वर्गात ही बातमी सांगाल तेव्हा कोल्हापूरचा चित्तेखानाही सांगा.

आणखी एक काम शिक्षकबंधूंनी करावे. आपल्या खेड्यापाड्यांत बिबट्यालाच चित्ता म्हणण्याची सवय आहे. फळ्यावर दोघांची तोंडे काढा. चित्त्याच्या डोळ्यापासून ओठापर्यंत अश्रू ओघळल्यासारखी काळी रेघ असते, आणि अंगावरचे ठिपके भरीव. बिबट्याच्या अंगावर पोकळ, फुलासारखे ठसे. मुंबईला सहल आणलीत, तर जुन्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, सोसायटीच्या साहाय्याने उभारलेले प्राण्यांचे दालन आहे. तिथून चार पावलांवर सोसायटीची आजची इमारत, हॉर्नबिल हाऊस. तिच्या समोरच्या नौदलाच्या दरवाजाला लायन गेट म्हणतात. तेवढे सिंह मात्र दगडी आहेत.