हौशी विश्वविजेतेपद : तळटीप

१. लेखकाला येथे कॅरम बिलियर्ड्स अभिप्रेत आहे. आपल्या कॅरम बोर्डाशी त्याचा संबंध नाही. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कोलकात्यात हौशी विश्वविजेते ठरले, तो इंग्लिश बिलियर्ड्सचा खेळ पॉकेट असलेल्या टेबलावरचा. कॅरमच्या टेबलाला पॉकेटच नसतात. आपला चेंडू उरलेल्या दोन्ही चेंडूंना लागला की एक गुण. तरबेज खेळाडू चेंडू कडेशी जवळजवळ ठेवून एकाच पाळीत शेकडो गुण जमवत. त्याला आळा घालण्यासाठी टेबलावर रेषा आखून चौकटी पाडल्या गेल्या. रेषा कडेपासून १८ इंचांवर आणि दुसऱ्या फटक्यापर्यंत एक चेंडू चौकटीबाहेर जायलाच हवा, हा ‘१८.२ बॉकलाइन’ प्रकार. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील व फ्रान्समधील हौशी खेळाडूंचा कस बॉकलाइनमध्ये लागे. शिकागोचे कॅल्विन डेमरेस्ट व्यावसायिक होण्यापूर्वी त्यातच नावारूपाला आले. ‘थ्री-कुशन’मध्ये दुसऱ्या चेंडूला लागण्याआधी कडेला किमान तीनदा स्पर्श हवा. त्याची पहिली हौशी विश्वस्पर्धा १९२८ मध्ये फ्रान्समधील रँस येथे झाली आणि इजिप्तचे एडमंड सूसा जिंकले. युरोपात रुजलेल्या या खेळातील तो पहिला मान आफ्रिकेतील देशाकडे गेला, हे आवर्जून नोंदवायला हवे. — संपादक