पालखीचा मान आणि वाटेचे मोल

महाबळेश्वराचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार फूट उंचीवर आहे, आणि सह्याद्रीच्या या माथ्यावर चढून येण्याची साधने ज्या क्रमाने बदलत गेली, त्या क्रमातच प्रवास आणि प्रतिष्ठा यांच्या संबंधाचा एक लहानसा इतिहास सामावलेला आहे. कृष्णेच्या उगमी स्नान करावयास यात्रेकरू पायी आला, सरदार पालखीतून आला, साहेबांच्या कुटुंबातील स्त्रिया मेण्यातून आल्या, वकील आणि व्यापारी वाठार स्टेशनावर उतरून टांग्यातून आले, आणि आजचा प्रवासी विमानाने पुण्यास उतरून मोटारीने तीन-चार तासांत येतो. या शेवटच्या प्रवाशाच्या खिशात पुष्कळदा एखाद्या विमान कंपनीचे सिल्व्हर, गोल्ड किंवा प्लॅटिनम कार्ड असते. ते मिळविण्यासाठी आणि मिळाल्यावर टिकविण्यासाठी त्याने वर्षभर हिशेब ठेवलेला असतो. आणि हा खटाटोप सार्थ आहे काय, हा प्रश्न त्याला स्वतःलाही अधूनमधून पडतो. प्रश्न आजचा असला, तरी त्याच्या उत्तरासाठी सातारच्या मुलखात दोनशे वर्षे मागे जाणे उपयोगाचे ठरेल असे मला वाटते. कारण वाहनावरून मनुष्याचा दर्जा ठरविण्याची, तो दर्जा वरून बहाल करण्याची आणि त्याच्या आशेने माणसाला सेवेत बांधून ठेवण्याची विद्या आपल्याकडे विमानाच्या फार पूर्वी पूर्णत्वास गेली होती.

मराठेशाहीत ज्याच्यापाशी पैसा आहे त्याने गाद्या-गिर्द्या आणि भोई मिळवून खुशाल पालखीत बसावे, असा शिरस्ता नव्हता. पालखीचा मान हुजुरातून मिळावा लागे. आणि पराक्रम, दीर्घ सेवा, विद्वत्ता किंवा वशिला यांपैकी कशाच्या तरी बळावर तो मिळाला, म्हणजे त्याच्याबरोबर पालखीच्या खर्चाची नेमणूकही लावून देण्यात येई. घोड्यावरून जाणारा, अबदागिरीच्या छायेत जाणारा, पालखीतून जाणारा आणि नालकीतून जाणारा, अशी ही चढती भाजणी होती, आणि नालकी तर अगदी थोड्यांच्याच वाट्यास येई. या व्यवस्थेत राज्यकर्त्यांचे चातुर्य होते. मुलूख तोडून दिला तर खजिन्याचा वसूल घटतो, रोख बक्षीस दिले तर ते खर्च होऊन विसरले जाते. पालखी मात्र रोज रस्त्यावर दिसते, ज्याला मिळाली त्याला देणाऱ्याची आठवण देते, आणि ज्याला मिळाली नाही त्याला अधिक झटून चाकरी करावयास लावते. घेणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर चित्र इतके सुखाचे नव्हते. भोयांचा रोजमुरा, दिवट्यांचे तेल, आच्छादनांची डागडुजी हा खर्च अखंड चाले. नेमणूक थकली तरी पालखी घरी ठेवता येत नसे, कारण पालखीतून जाणारा मनुष्य एके दिवशी पायी दिसला की लोकांच्या जिभा वळवळू लागत. मान एकदा मिळे, पण त्याची किंमत दरवर्षी भरावी लागे.

या मानाच्या हव्यासाचे सर्वांत भव्य उदाहरण 1792 सालचे आहे. दिल्लीच्या शाह आलम बादशहाकडून पेशव्यांसाठी मिळविलेल्या वकील-इ-मुतलक या पदाची वस्त्रे घेऊन महादजी शिंदे त्या वर्षी पुण्यास आले, आणि मोठा दरबार भरवून त्यांनी ती तरुण सवाई माधवरावांना अर्पण केली. त्या खिलतीत नालकी होती, पालखी होती, माही-मरातब होता. पेशव्यांनी बादशाही पद स्वीकारावे की नाही यावर दरबारात वाद झाला, आणि साताऱ्याहून छत्रपतींची अनुज्ञा आणवावी लागली. आता हे सारे वैभव ज्याच्या नावाने आले, त्या बादशहाचे डोळे चारच वर्षांपूर्वी गुलाम कादिराने काढले होते, आणि त्याचे तख्त शिंद्यांच्याच फौजेच्या आधाराने उभे होते. उत्तरेच्या कारभाराला या पदाने कायदेशीर आधार मिळाला, ही गोष्ट नाकारता येणार नाही, आणि महादजींसारखा मुत्सद्दी निव्वळ शोभेसाठी इतका खटाटोप करणारा नव्हता. परंतु 1794 साली महादजी गेले, 1803 साली दिल्ली इंग्रजांच्या हाती पडली, 1818 साली पेशवाई बुडाली, आणि सुमारे पाव शतकात त्या नालकीचा देणारा, आणणारा आणि घेणारा या तिघांपैकी कोणाचीही सत्ता शिल्लक राहिली नाही.

पेशवाईच्या अस्तानंतर इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंहांना साताऱ्याच्या गादीवर बसविले आणि 25 सप्टेंबर 1819 रोजी त्यांच्याशी तह केला. आजचे महाबळेश्वर या तहानंतरच्या दशकात आकारास आले. 1824 साली लॉडविक नावाचा लष्करी अधिकारी पठारावर चढून गेला. पुढे रेसिडेंट ब्रिग्ज यांच्या आग्रहावरून प्रतापसिंहांनी साताऱ्याहून वर जाणारा उत्तम गाडीरस्ता बांधविला. आणि मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी 1829 च्या करारान्वये वाई प्रांतातील खंडाळा हे गाव महाराजांना देऊन त्याच्या मोबदल्यात पठारावरील जागा घेतली, तीच माल्कम पेठ. महाराजांचा मान या काळात यथासांग राखला जात होता. सलामीच्या तोफा, दरबारातील आसन, पत्रव्यवहारातील अलकाब यांत उणे नव्हते. खालच्या पायरीवर दख्खनच्या जुन्या घराण्यांची पहिला, दुसरा आणि तिसरा अशा वर्गांत यादी करण्यात आली, पुण्यास सरदारांसाठी स्वतंत्र एजंट नेमण्यात आला, आणि पहिल्या वर्गाच्या सरदाराला जे मिळे ते दुसऱ्या वर्गाच्या सरदाराच्या आकांक्षेचा विषय होऊन बसले.

त्या मानाचे पुढे काय झाले हे सातारकरांना सांगावयास नको. 1839 च्या सप्टेंबरात त्याच इंग्रज सरकारने प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीस पाठविले, आणि तेथेच 1847 साली त्यांचा अंत झाला. त्यांच्या न्यायासाठी रंगो बापूजी गुप्ते यांनी लंडनमध्ये वर्षानुवर्षे ठाण मांडून अर्ज, भाषणे आणि दरख्वास्ती केल्या, त्यांचा उपयोग झाला नाही. 1848 साली त्यांच्या जागी गादीवर आलेले आप्पासाहेब महाराज निवर्तले आणि डलहौसीने राज्य खालसा केले. 1852 च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले, आणि पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या सनदा दप्तरातून काढून परक्या अधिकाऱ्यासमोर पुन्हा सिद्ध करण्याची वेळ घराण्याघराण्यांवर आली. मान देणाऱ्याने आपल्या सोयीनुसार नियम बदलले, आणि घेणाऱ्याच्या हाती तक्रार करण्यापलीकडे काही उरले नाही. मात्र साताऱ्याहून मेढा-केळघरच्या बाजूने महाबळेश्वरास आजही लोक जातात. महाराजांच्या सलामीच्या तोफा कोणाच्या स्मरणात नाहीत. त्यांनी बांधविलेली वाट मात्र सातारच्या इतिहासात त्यांच्या नावावर कायमची जमा आहे.

वर चढणाऱ्यांच्या मानाचा विचार करताना त्यांना वाहून नेणाऱ्यांचा विसर पडू नये. मुंबईचा साहेब गलबतातून बाणकोटच्या खाडीत शिरे, सावित्रीतून महाडच्या बाजूला येई, आणि तेथून पुढे प्रतापगडाच्या पायथ्याच्या पारघाटाने भोयांच्या खांद्यांवरून वर जाई. उन्हाळ्यातील तो खडा चढ, आलटून-पालटून खांदा देणारी माणसे आणि आत पडदा सोडून बसलेला एक प्रवासी, हे त्या काळच्या प्रतिष्ठेचे खरे रूप होते. माल्कम पेठेत 1834 पासून 1864 पर्यंत एक तुरुंग होता; मलाक्का-सिंगापूरकडून पाठविलेले चिनी आणि मलायी कैदी तेथे ठेवीत, आणि बटाटा व इतर विलायती भाज्यांची लागवड या पठारावर रुजविण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. उन्हाळी हंगामात गव्हर्नर येथे असताना कोण कोणाच्या आधी भोजनगृहात जाणार हे ठरलेले असे; तो क्रम आज कोणी सांगू शकणार नाही, पण मळ्यांतील पीक सर्वांच्या परिचयाचे आहे.

आगगाडीने ही भाजणी एकाएकी पालटली. बोरघाटातून लोहमार्ग 1863 साली पूर्ण झाला, 1890 च्या सुमारास पुण्याहून दक्षिणेस मिरजेकडे गाडी धावू लागली, आणि वाठारला उतरून वाई, पसरणीचा घाट, पाचगणी असे टांग्याने वर येण्याचा प्रघात पडला. पहिल्या वर्गाच्या डब्यात बसण्यास सनद लागत नव्हती, तिकिटाचे पैसे पुरत होते. जन्माने आणि कृपेने मिळणारा मान विकत मिळू लागला, आणि त्याबरोबर त्याचे आयुष्यही त्या एका प्रवासापुरते झाले. गाडीतून उतरणारा पहिल्या वर्गाचा प्रवासी फलाटावर येताच इतरांसारखाच होई. पुढच्या खेपेस त्याने तिसऱ्या वर्गाचे तिकीट काढले तर कोणी हिशेब विचारीत नसे. एका अर्थाने हा व्यवहार मोकळा आणि प्रामाणिक होता.

विमान कंपन्यांनी जुन्या दरबाराची रीत पुन्हा प्रचारात आणली. टेक्सास इंटरनॅशनल या कंपनीने 1979 साली प्रवासाचे अंतर मोजून बक्षीस देण्याची योजना काढली, आणि 1 मे 1981 रोजी अमेरिकन एअरलाइन्सने संगणकातील नोंदींच्या आधारे ती मोठ्या प्रमाणावर सुरू केली. अमेरिकेत भाड्यावरील सरकारी नियंत्रण 1978 साली उठले होते, एकाच मार्गावर अनेक विमाने धावू लागली होती, आणि गिऱ्हाईक बांधून कसे ठेवावे हा प्रश्न उभा राहिला होता. त्याला मिळालेले उत्तर पेशव्यांच्या कारकुनाने तत्काळ ओळखले असते: पायऱ्या करा, वरच्या पायरीवरच्याला आधी चढू द्या, त्याच्यासाठी वेगळे दालन ठेवा, आणि दर वर्षी त्याची नेमणूक नव्याने तपासा. 1990 च्या दशकात हा प्रकार भारतात आला, आणि मुंबई-पुण्यातील कंपन्यांचे अधिकारी, तसेच अमेरिकेत किंवा आखाती देशांत मुले असलेली मराठी कुटुंबे यांच्या बोलण्यात माइल्स, लाउंज आणि अपग्रेड हे शब्द रुळले.

या दर्जाचे लाभ मी तुच्छ मानीत नाही. सत्तरीच्या आई-वडिलांना मुलाकडे जाताना रांगेत ताटकळावे लागले नाही, एक बॅग अधिक नेता आली, मधल्या विमानतळावरील सहा तास बऱ्या खुर्चीत गेले, किंवा विमान चुकल्यावर दुसऱ्या विमानात आधी जागा मिळाली, तर तो लाभ खरा आहे. ज्याचे कामच त्याला महिन्यातून चार वेळा दिल्लीस नेते, त्याच्या पदरी हा दर्जा आपोआप पडतो, आणि पदरी पडलेले न घेण्यात शहाणपण नाही. प्रश्न आहे तो त्यासाठी धावण्याचा. वर्ष संपताना थोडे अंतर कमी पडते म्हणून डिसेंबरात निष्कारण कोठे तरी जाऊन येणारे प्रवासी आहेत. स्वस्त आणि सरळ जाणारे विमान सोडून आपल्या कंपनीचे महाग आणि वळसा घालून जाणारे विमान घेणारे तर पुष्कळ आहेत. त्यांनी जादा दिलेले पैसे आणि घालविलेले तास मांडून पाहिले, तर लाउंजमधला चहा आणि पुढच्या रांगेतील आसन फार महाग पडते.

शिवाय देणाऱ्याच्या स्थैर्याचा प्रश्न आहेच. किंगफिशरची विमाने ऑक्टोबर 2012 मध्ये थांबली आणि तिच्या किंग क्लबचा दर्जा त्या दिवशीच निरर्थक झाला. जेट एअरवेजचे उड्डाण 17 एप्रिल 2019 रोजी बंद पडले. पंचवीस वर्षे त्या कंपनीशी एकनिष्ठ राहिलेल्या माणसाच्या प्लॅटिनम कार्डाला बसण्यासाठी विमानच उरले नाही. विस्तारा नोव्हेंबर 2024 मध्ये एअर इंडियात विलीन झाली आणि तिचे सभासद दुसऱ्या योजनेत, दुसऱ्या नियमांखाली गेले. कंपनी टिकली तरी नियम टिकतात असे नाही: 2015 आणि 2016 या वर्षांत अमेरिकेच्या मोठ्या कंपन्यांनी बक्षिसाचे माइल्स अंतरावरून देण्याऐवजी तिकिटाच्या किमतीवरून देण्यास आरंभ केला, आणि लांबचा प्रवास स्वस्तात करून माइल्स साठविणाऱ्यांची सारी गणिते चुकली. इनाम कमिशनपुढे निदान सनद दाखविता येत होती. येथे नियम बदलण्याचा अधिकार कंपनीने पहिल्याच दिवशी स्वतःकडे राखून ठेवलेला असतो, आणि सभासदाने त्यास संमती दिलेली असते.

याच सातारा जिल्ह्यात आरफळ नावाचे गाव आहे. तेथील हैबतबाबा हे शिंद्यांच्या चाकरीतील सरदार होते. पालखी, घोडा, निशाण यांचे मोल जाणणाऱ्या जगातून ते आले होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते आळंदीस स्थायिक झाले आणि आळंदीहून पंढरपुरास जाणाऱ्या ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्यास त्यांनी आजचे रूप दिले. अंकलीच्या शितोळे सरदारांनी घोडे आणि तंबू दिले, दिंड्यांचा क्रम ठरला, लष्करी शिस्त आली. पालखीत पादुका बसल्या आणि सरदार पायी चालू लागला. तेथेही क्रमाला मान आहे आणि त्यावरून वादही झाले आहेत, हे मी विसरत नाही. तथापि पंढरपुरास जाणे हे तेथे सर्वांचे कार्य असते; दिंडीचा क्रम त्या कार्याच्या सोयीसाठी आहे, आणि केवळ क्रम टिकावा म्हणून वारीस निघणारा मनुष्य वारकऱ्यांत वारकरी गणला जाणार नाही.

हाच भेद आजच्या प्रवाशाने ध्यानात घ्यावा. जो दर्जा आपल्या ठरलेल्या वाटेवर मिळतो तो घ्यावा, आई-वडिलांसाठी आणि लेकरांसाठी वापरावा, आणि माइल्स साठवीत न बसता वेळीच खर्चून टाकावेत, कारण त्यांची किंमत ठरविणे आपल्या हाती नाही. जो दर्जा टिकविण्यासाठी वाट बदलावी लागते, नको तो प्रवास करावा लागतो किंवा घरी असण्याचे दिवस खर्ची घालावे लागतात, तो सोडून द्यावा, आणि सोडताना हळहळू नये. सातारच्या मुलखातील घराण्यांनी मानासाठी आयुष्ये वेचली, आणि तो मान देणारी सत्ता गेली तेव्हा तोही तिच्याबरोबर गेला. त्यांचा अनुभव डोळ्यांपुढे असताना, पुढच्या वर्षी कार्डाचा रंग उतरला तर आपले नेमके काय गेले, याचा हिशेब ज्याने त्याने शांतपणे करावा. बहुतेकांना आढळेल की जाण्याचे ठिकाण, तेथे वाट पाहणारी माणसे आणि हातातले काम यांपैकी काहीही गेलेले नाही.