पाळक कोठे घडतो?

आपल्या धाराशिव जिल्ह्यातले तेर हे गाव गोरोबाकाकांचे. त्यांची एक कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. संतमंडळी गोरोबांच्या घरी जमली होती. मुक्ताबाईंनी विचारले, 'काका, यातली मडकी पक्की किती आणि कच्ची किती, ते सांगा पाहू.' गोरोबांनी थापटणे उचलले आणि एकेकाच्या डोक्यावर हलकेच मारून पाहिले. सगळे शांत बसले. नामदेव मात्र रागावले. गोरोबा म्हणाले, 'हे मडके अजून कच्चे आहे.' एवढा मोठा भक्त, पण गुरूवाचून राहिलेला! तेव्हा नामदेव विसोबा खेचरांकडे गेले, अशी कथा आहे.

ही गोष्ट आज सांगण्याचे कारण असे, की भक्ती असली म्हणजे तयारी झालीच असे होत नाही, ही जाण या कथेत आहे. ती सगळ्याच धर्मांत आहे. कीर्तनकाराला गुरू लागतो, मौलवीला मदरसा लागतो, भिक्षूला विहार लागतो. ख्रिस्ती मंडळीच्या धर्मसेवकालाही, म्हणजे ज्याला आपण पाळक किंवा फादर म्हणतो त्याला, शाळा लागते. तिचे नाव सेमिनरी. आता समजा, गुरुजी, तुमच्या शाळेतला एखादा ख्रिस्ती घरातला मुलगा बारावी झाल्यावर तुमच्याकडे आला आणि म्हणाला, 'मला पाळक व्हायचंय, कुठं शिकू?' डॉक्टर व्हायचे असते तर तुम्ही वाट सांगितली असती. शिक्षक व्हायचे असते तर स्वतःचीच वाट दाखविली असती. या वाटेची माहिती मात्र आपल्याकडे फारशी नसते. या वाटेला चारशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो ऐकला म्हणजे आज निवड कशी करावी हेही पुष्कळसे उमगते.

'सेमिनरी' हा शब्द लॅटिन भाषेतून आला. त्याचा मूळ अर्थ रोपवाटिका. शेतकऱ्याला हा अर्थ फोडून सांगायला नको. कांद्याचे बी एकदम सगळ्या रानात कोणी फेकीत नाही. आधी वाफ्यात रोप करायचे, त्याला जपायचे, मग पुनर्लागण. १५६३ साली ट्रेंट येथील धर्मपरिषदेत रोमन कॅथलिक चर्चने ठरविले, की धर्मगुरू होणाऱ्या मुलांसाठी ठिकठिकाणी असे वाफे असावेत. पण वाफा कोठे करावा, कोणाचे बी त्यात घ्यावे आणि रोप परत कोणत्या रानात लावावे, हे तीन प्रश्न तेव्हापासून आजपर्यंत सुटलेले नाहीत.

आपल्या बाजूला हे वाफे प्रथम गोव्यात झाले. साष्टीत राशोल येथे येशूसंघाच्या लोकांनी १६१० मध्ये विद्यालय वसविले. तेच पुढे सेमिनरी झाले. याच राशोलला १६१६ मध्ये फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' छापून निघाले. हा माणूस इंग्रज. १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि इथली भाषा इतकी शिकला, की ओवीछंदात मोठे पुराण रचू शकला. छपाई मात्र रोमी लिपीत झाली. परदेशातून आलेल्या सेवकाला आधी लोकांची भाषा शिकावी लागली, हे ध्यानात ठेवा. पुढे हाच धागा पुन्हा हाती येणार आहे.

आता बी कोणाचे घ्यावे, हा प्रश्न. गोव्याच्या दिवाडी बेटावरच्या एका ब्राह्मण घराण्यातला मातेउश द कास्त्रु नावाचा तरुण धर्मगुरू होऊ इच्छीत होता. गोव्यातल्या वरिष्ठांनी त्याला दीक्षा नाकारली. तो तडक रोमला गेला, तेथे शिकला, दीक्षा मिळविली आणि १६३७ मध्ये चक्क बिशप झाला. परत आल्यावरही पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्याला मानले नाही. तेव्हा तो त्यांच्या हद्दीबाहेर, डिचोलीला जाऊन राहिला. डिचोली तेव्हा आदिलशाहीत होती. ज्या आदिलशाहीने आपला नळदुर्गचा किल्ला बांधून मजबूत केला, तीच ही आदिलशाही. एवढ्या दूर शिकून आलेल्या माणसाला आपल्या गावात पाय ठेवायला जागा मिळू नये, हे त्या काळचे दुःख होते.

प्रॉटेस्टंट लोकांची कहाणी बंगालमधल्या श्रीरामपूरपासून सुरू होते. आपल्या नगर जिल्ह्यातले श्रीरामपूर नव्हे. हे हुगळीच्या काठचे, त्या वेळी डेन्मार्कच्या राजाचे. विल्यम कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड यांनी १८१८ मध्ये तेथे महाविद्यालय काढले. हा कॅरी आपल्यालाही परका नाही. नागपूरकडच्या वैद्यनाथ पंडितांच्या मदतीने त्याने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये मराठीचा कोश छापला. १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने या महाविद्यालयाला पदव्या देण्याची सनद दिली. पण गंमत पाहा, ईश्वरविज्ञानातली बी. डी. ही पदवी प्रत्यक्षात प्रथम दिली गेली ती १९१५ मध्ये. सनद हाती असून अठ्ठ्याऐंशी वर्षे गेली! १९१८ मध्ये बंगाल सरकारच्या कायद्याने या पदव्यांची घडी नीट बसविली गेली. तेव्हापासून देशभरच्या अनेक सेमिनऱ्या या श्रीरामपूरच्या सिनेटला जोडल्या गेल्या. एखाद्या विद्यापीठाला गावोगावची कॉलेजे जोडलेली असतात, तसेच हे.

पण आपल्या मराठी मुलखाची खरी शाळा अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये नगरला आले. १८५४ मध्ये हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या दोघा मराठी माणसांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. नेमक्या याच सुमारास मोठा वाद उभा राहिला. मिशनचे चिटणीस रुफस अँडरसन १८५४–५५ मध्ये अमेरिकेहून तपासणीसाठी आले. त्यांचे म्हणणे असे, की मुलांना इंग्रजी शिकवाल तर ती सरकारी नोकरीत जातील. खेड्यातल्या मंडळीला खेड्यातलाच, मराठीत शिकलेला आणि मंडळीला पोसता येईल असा पाळक हवा. या विचाराने नगरची इंग्रजी शाळा बंद करण्यात आली.

अँडरसनसाहेबांचे म्हणणे खोटे होते काय? आपल्या गावातला मुलगा जास्त शिकला, की पुण्याला जातो आणि परत येत नाही, हे आपण रोज पाहतो. पण दुसरी बाजूही होती. नगर भागातल्या खेड्यापाड्यांत ख्रिस्ती झालेले बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजातले. पिढ्यान्‌पिढ्या त्यांना अक्षर मिळाले नव्हते. 'तुम्हाला मराठीच पुरे' असे त्यांना सांगणे म्हणजे वरचे दार लावून घेणे नव्हे काय? पुढे इंग्रजी शिक्षण पुन्हा सुरू करावेच लागले. सेमिनरी १८७८ मध्ये नगरला उभी राहिली. तिच्यामागे मुख्यतः रॉबर्ट ह्यूम होते. त्यांचा जन्म मुंबईतला आणि शिक्षण अमेरिकेतले. खेड्यात जाणारा पाळक बहुधा शाळामास्तरही असे. सकाळी मुलांना बाराखडी, संध्याकाळी प्रार्थना. म्हणून या इतिहासाचा शिक्षकांशी जवळचा संबंध आहे.

याच सेमिनरीत रेव्हरंड नारायण वामन टिळक शिकवीत असत. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांनी स्वतः कोणत्याही सेमिनरीची पदवी घेतली नव्हती. संस्कृत विद्या, कविता आणि धगधगती श्रद्धा ही त्यांची शिदोरी. पाळकाने परदेशी भाषणाची नक्कल न करता अभंग आणि कीर्तन यांतून बोलावे, असा त्यांचा आग्रह होता. कृष्णराव सांगळे यांनी नगर भागात ख्रिस्ती कीर्तन त्यापूर्वीच रुजविले होते. टिळकांनी त्याला नवे बळ दिले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. पुढल्याच एक-दोन वर्षांत, १९१९ मध्ये, ते गेले. टिळकांचे उदाहरण देऊन काही जण म्हणतात, 'पदवी कशाला हवी?' मला हे पटत नाही. टिळक शिकलेले नव्हते असे नाही. ते जन्मभर शिकत होते, आणि दुसऱ्यांना शिकविण्यासाठीच सेमिनरीत बसत होते.

आपला जिल्हा मात्र या सगळ्यापासून एका सीमेने तोडलेला होता. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात, म्हणजे लोकांच्या बोलीत मोगलाईत. सोलापूर हे मिशनचे ठाणे हाकेच्या अंतरावर, पण ते इंग्रजी हद्दीत. बार्शी लाइटची छोटी गाडी १९०७ मध्ये तडवळ्यापर्यंत आणि १९११ मध्ये लातूरपर्यंत आली, तेव्हा कुर्डुवाडीमार्गे पुण्याची वाट जरा सोपी झाली. राज्याची भाषा उर्दू. १९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघाले, तेही उर्दू माध्यमाचे. म्हणजे बघा, इथला मुलगा घरी मराठी बोलणार, सरकारी शाळेत उर्दू शिकणार आणि मोठी धर्मपदवी घ्यायची तर इंग्रजी वाचणार. तीन भाषांच्या तीन उंबरठ्यांवर किती मुले अडखळली असतील, याची कल्पना जुन्या शिक्षकांच्या घरात आजही असेल.

आज परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. पुणे हे या शिक्षणाचे मोठे केंद्र झाले आहे. श्रीलंकेत कँडी येथे १८९३ मध्ये स्थापन झालेली कॅथलिकांची पेपल सेमिनरी १९५५ मध्ये पुण्याला आली. प्रॉटेस्टंटांची युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ मध्ये यवतमाळला निघाली आणि १९८३ मध्ये पुण्याला गेली. मराठी मंडळ्यांसाठी पुण्यात युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी आहे, ती श्रीरामपूरच्या सिनेटला जोडलेली. १९७० मध्ये नागपूरला अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. त्यात नगर-सोलापूरकडच्या जुन्या मिशनच्या मंडळ्याही आल्या.

तेव्हा त्या मुलाला काय सांगायचे? पहिली गोष्ट, पदवीच्या आधी मंडळी ठरव. दीक्षा सेमिनरी देत नाही, चर्च देते. एखाद्या संस्थेची पदवी तुझ्या मंडळीला मान्य नसेल, तर कागद हातात राहील आणि वेदी दूर राहील. म्हणून प्रवेशअर्जाच्या आधी आपल्या पाळकाला आणि बिशपला विचार. कॅथलिक असशील तर वाट लांब आहे. चर्चच्या नियमाप्रमाणे निदान दोन वर्षे तत्त्वज्ञान आणि चार वर्षे ईश्वरविज्ञान, आणि ब्रह्मचर्याचे व्रत.

दुसरी गोष्ट भाषेची. बी. टीएच. ही पदवी पुष्कळ ठिकाणी प्रादेशिक भाषेतून शिकविली गेली. बी. डी. बहुतकरून इंग्रजीतून होते, आणि पदवीधरासाठी ती साधारण चार वर्षांची असते. तीत हिब्रू-ग्रीकची तोंडओळख होते, इतर धर्मांचाही अभ्यास असतो. झेपत असेल तर आधी साधी पदवी घे, मग बी. डी. कर. पण इंग्रजीत शिकलेले मराठीत सांगता येते की नाही, हे दर सुट्टीत गावी येऊन आपल्या आजीसमोर तपासून पाहा. आजीला कळले तर शिक्षण लागू पडले असे समज.

तिसरी गोष्ट, संस्थेला विचार की विद्यार्थ्याला खेड्यात कामाला पाठविता का. ज्या वाफ्यातले रोप उन्हात कधी काढलेच नाही, ते मराठवाड्याच्या रानात तगायचे नाही. इथे पाऊस पडत नाही, माणसे उसतोडीला जातात, देवळात चार म्हातारी उरतात. त्या चौघांसाठी प्रवचन करता आले पाहिजे आणि त्यांचा रेशनचा अर्जही भरून देता आला पाहिजे.

आणि शेवटची गोष्ट गुरुजींनाच. मुलगा ख्रिस्ती आहे, हा आपला प्रांत नव्हे, असे मनात आणू नका. अँडरसनसाहेबांनी भीती घातली होती, की शिकलेला मुलगा परत येणार नाही. ती खरी ठरवायची की खोटी, हे सेमिनरीपेक्षा गावावर अधिक अवलंबून आहे. तो शिकून आला, तर त्याला बसायला घोंगडी द्या आणि त्याचे म्हणणे ऐका. मातेउश द कास्त्रुला जे मिळाले नाही, ते आपल्या गावात मिळू द्या.

गोरोबांनी नामदेवांना कच्चे म्हटले, पण हाकलून दिले नाही. कच्चे मडके फेकायचे नसते, आव्यात घालायचे असते. कोणता आवा चांगला, हे नीट चौकशी करून ठरवा, एवढेच आज सांगायचे होते.